दुसऱ्यांदा म्हटलेलं पद

कॉलेजच्या संगीत एकांकिकेत मला सखीचं काम मिळालं, हे मी आईला फोनवर भीतभीतच सांगितलं. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. शिकायला म्हणून सांगलीला पाठवलेली मुलगी नाटकात गाते, हे घरी कसं घेतील याचा मला अंदाज नव्हता. आईनं एवढंच विचारलं, "सखी मंजी कोन?"

"राणीची मैत्रीण. मुख्य काम राणीचं, मी तिच्या मदतीला."

"मंजी आमच्यासारकंच की गं. शिकवाय बाई, आन मी मदतनीस."

म्हसवडजवळच्या आमच्या गावात आई अंगणवाडीत मदतनीस आहे. मुलांना घरोघरी जाऊन बोलावून आणायचं, खिचडी शिजवायची आणि बाई मीटिंगला गेल्या की मुलांकडून गाणी म्हणून घ्यायची. तिचं ते बोलणं तेव्हा मला थोडं लागलं, खोटं कशाला सांगू. पण गाणं मला आलं ते तिच्याकडूनच. तिच्या साध्या बडबडगीतातसुद्धा सूर हलत नाही. हे तिला कोणी कधी सांगितलेलं नाही. मीही नाही.

सखीला एकच पद होतं. एकांकिका बसवणारे सर स्वतः पेटीवर बसायचे. माझ्या तोंडात 'पाणी'चं 'पानी' व्हायचं, तेवढ्यासाठी त्यांनी मला एक ओळ कितीदा म्हणायला लावली असेल! एकांकिका कॉलेजांच्या स्पर्धेसाठी होती आणि तिथं संगीत विभागात सहाय्यक अभिनेत्रीसाठी वेगळं बक्षीस होतं. ते मिळावं असं मला वाटत होतं. पण आईनं एकदा समोर बसून ऐकावं, हे त्याहून जास्त वाटत होतं.

ती आली. अंगणवाडीच्या कार्यक्रमाला नेसते ती निळी साडी नेसून, पहाटेच्या एसटीनं, विट्याला गाडी बदलून. मी तिला तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसवलं आणि मेकअपला पळाले.

आमची एकांकिका दुपारची होती. पद कसं सुरू झालं ते मला नीट आठवत नाही. संपल्यावर मागून कोणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" मग चारी बाजूंनी तेच. सरांनी पेटीवरून मान हलवली आणि पुन्हा सूर धरला. दुसऱ्यांदा म्हणताना माझी भीती गेली होती. तालमीत कधी न आलेली सुरांची एक जागा गळ्यातून आपोआप निघाली. दिव्यांमुळे समोरचं काही दिसत नव्हतं, पण मी तिसऱ्या रांगेकडे बघूनच गात होते.

सामान आवरण्यात मला मधे तिच्याकडे जाता आलं नाही. संध्याकाळी निकालाच्या वेळी सगळे दिवे लागले. सहाय्यक अभिनेत्री म्हणून माझं नाव पुकारलं. मी स्टेजवर गेले, ट्रॉफी घेतली आणि खाली पाहिलं, तर आईची खुर्ची रिकामी होती.

ती बाहेर पायऱ्यांवर बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. डोळे लाल झाले होते. मी काही बोलायच्या आत तिनंच विचारलं, "लय बोलले का गं तुजे सर?"

"कशाबद्दल?"

"चुकलीस म्हनून परत म्हनाय लावलं न्हवं? येवड्या लोकांत! सगळी वरडाय लागली तुज्यावर. शेजारच्या मानसाला म्हनलं, आवं, लेकरू हाय, चुकतंय कवा कवा. तर त्योबी हसाय लागला. मला बघवंना, मग आले उठून."

अंगणवाडीत पोर चुकलं की त्याला परत म्हणायला लावतात. आईनं आयुष्यभर तेच पाहिलं होतं, तेच केलं होतं. मी तिच्या हातात ट्रॉफी दिली आणि सगळं समजावून सांगितलं. आवडलं की लोक पुन्हा म्हणायला लावतात, नाटकात तशी पद्धतच आहे. तिनं ट्रॉफी फिरवून पाहिली. मग म्हणाली, "मंजी दुसऱ्यांदा म्हनलेलं चांगलं झालं हुतं व्हय?"

मी "हो" म्हणाले. तिनं पदरानं ट्रॉफी पुसली. पुसण्यासारखं तिच्यावर काहीच नव्हतं.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. यंदा आमच्या कॉलेजनं संगीत एकांकिका घेतलेली नाही. पेटीवाले सरही दुसरीकडे गेले. सुट्टीला घरी गेले की सकाळी आई चुलीपाशी असताना मी ते पद म्हणते. पेटी नसते, आणि ती जागा येत नाही. पद संपलं की मी थोडी थांबते. ती पुन्हा म्हणायला सांगेल असं वाटतं. आई भाकरी थापत राहते.

या दिवाळीत मी शेवटी विचारलंच, "आई, तुला परत ऐकावंसं वाटत नाही का गं?"

"वाटतंय की."

"मग तसं सांगत का नाहीस कधी?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "परत म्हन म्हनलं, तर तुला वाटायचं चुकलं म्हनून."