तांब्याचा पाठ

आटपाडीच्या शाळेत मी पाचवीला शिकवते. आमच्या डोक्यावरून ढग न बरसता पुढे जातात, हे इथल्या पोरांना पुस्तकाआधी ठाऊक असतं. ते का, हे सांगावं लागतं. त्यासाठी मी एक पाठ बसवला होता. आधी पाट, मग बाक, मग माझं टेबल, असा चढ रचायचा. तोच सह्याद्री. पोरं म्हणजे ढग, हातात भरलेला तांब्या. दर पायरीला थोडं पाणी ओतायचं, तरच वर चढायचं. पलीकडे उतरल्यावर तांब्या पालथा करून ओरडायचं, "आटपाडी आली, पाणी संपलं!" वर्ग चिंब व्हायचा, पण पर्जन्यछाया कुणी विसरायचं नाही.

शाळा बंद होऊन टीव्हीवर पाठ सुरू झाले, तेव्हा साताऱ्याच्या मैत्रिणीचा फोन आला. डी.एड.ला आम्ही एका खोलीत राहिलो होतो. म्हणाली, "तुझा तांब्याचा पाठ लिहून पाठव गं. दोघींच्या नावानं देऊ." मी दोन दिवस बसून सगळं लिहिलं, बाकांची चित्रंसुद्धा काढली. पुढे तिचा फोन नाही की निरोप नाही.

एका सकाळी "पोरास्नी टीव्हीपुढं बसवा, भूगोल हाय" असे चौथी-पाचवीच्या घरोघरी फोन करून मीही बसले. पडद्यावर ती! तोच चढ, तोच तांब्या. "हा प्रयोग मला माझ्या वर्गात सुचला," असंही ती म्हणाली. नाव एकटीचं.

मी लगेच तिला फोन लावला. ती म्हणाली, "अगं, एकच नाव घेतात ते. आणि मुलांच्याच उपयोगी पडलं ना?" केसाने गळा कापायचा आणि वर समाजसेवा! त्या दिवसापासून मी तिच्याशी बोललेली नाही.

शाळा उघडल्या, नवी पाचवी आली. मी पाट मांडला, बाक ओढलं, तांब्या भरला. पुढच्या रांगेतली एक मुलगी आनंदाने ओरडली, "बाई, ह्ये टीव्हीतलं हाय! तुमीच फोन करून बघाय लावलंवतं. तुमीबी त्यातनंच शिकला व्हय?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. खरं सांगायला तोंड उघडलं, पण दहा वर्षांच्या पोरांपुढे काय सांगणार, की टीव्हीतल्या बाई चोर आहेत?

"व्हय गं, त्यातनंच," मी म्हटलं आणि तांब्या तिच्या हातात दिला.