फळ्यावर आंबा, ओट्यावर बैल

नीळकंठ मास्तर आमच्या गावात आले तेव्हा त्यांच्याजवळ एक वळकटी, एक पत्र्याची पेटी आणि तीन गावांचे वाईट शेरे होते. आमचं गाव चौथं. उंद्रीहून दोन कोस आत, म्हणजे ज्या मास्तरला कोणी ठेवत नाही त्याला धाडायची हक्काची जागा. इथेही नोकरीत पक्के झाले नाहीत तर मेहकरात भावाच्या किराणा दुकानात पुड्या बांधायच्या, हे ठरलेलंच. भावाने म्हणे दोऱ्याचं रीळसुद्धा आणून ठेवलं होतं. भाऊ असावा तर असा! त्या दुकानाचं नाव निघालं की मास्तर विषय बदलत.

पक्कं व्हायला दोन गोष्टी लागत. इन्स्पेक्टर साहेबाचा चांगला शेरा, आणि शाळा कमिटीच्या अध्यक्षाचा कागदावर अंगठा. अध्यक्ष कोण? तर माझे आबा, उत्तमराव पाटील. गावात जमीन सगळ्यांत जास्त त्यांची, म्हणून विद्येचा कारभारही त्यांच्याकडेच. अंगठेबहाद्दर माणूस शाळेवर बसवला, यात नागपूरच्या सरकारला काही वावगं वाटलं नाही, तर आपण कोण बोलणारे? मी त्यांची लेक विमल, तेव्हा सहा वर्षांची. पहिलीच्या पटावर एकवीस पोरं भरली, बावीस लागत होती, म्हणून मला उचलून नेऊन बसवलं. आमच्या घराण्यात स्त्रीशिक्षण सुरू झालं ते असं.

आधीचे शेषराव मास्तर मोठे नावाजलेले. त्यांनी अख्खं पुस्तक पोरांकडून घोकून घेतलं होतं. पोरं पुस्तक उलटं धरूनही धडाधडा वाचत, पान उलटायचं राहिलं तरी वाचन अडत नसे. गाव खूश, साहेब खूश. नीळकंठ मास्तरांना मात्र ते पटेना. त्यांचं म्हणणं, "लेकरू माणसाचं नाक-डोळे मोजत नाही, तोंड पाहून ओळखतं. शब्दही तसाच आधी अख्खा ओळखू द्या. अक्षरं मागून फोडू." हे ऐकून गावातल्या शहाण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तीन गावांनी का सोडलं ते आता त्यांना कळलं होतं.

मग मास्तरांनी गेरू कालवला, लिंबाची काडी चावून तिचा कुंचला केला आणि दिसेल त्या वस्तूवर तिचं नाव लिहीत सुटले. दारावर दार, घागरीवर घागर, फळ्याच्या कोपऱ्यात फळा, पाट्यांच्या लाकडावर पाटी, पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर पुस्तक. शाळा पुरेना म्हणून गावात घुसले. पुंजाजीच्या बैलाच्या पुठ्ठ्यावर बैल लिहिलं. पुंजाजी तो बैल विकायला चिखलीच्या बाजारात घेऊन गेला, तर गिऱ्हाईक विचारतं, "जप्तीचा हाये काय हो?" आणि पुढे निघून गेलं. पुंजाजीने त्या दिवशी मास्तरांच्या सात पिढ्यांची आठवण काढली. शेजारची तानुबाई म्हातारी तर अंगणात कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "मडक्यावर मडकं काऊन लेहता हो मास्तर? मी का आंधळी हावो?"

आबांना राग आला तो वेगळाच. "खाटीचं नाव लेहता, बैलाचं लेहता, आन पाटलाचं नाही?" मास्तरांनी मुकाट्याने आमच्या ओट्यावर, आबा जिथे टेकून बसत त्याच्या वर भिंतीवर, मोठ्या अक्षरांत पाटील लिहिलं. आबा त्याखाली बसून मिशीला पीळ द्यायला लागले. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट दाखवत, "वाचा." वाचता येतंय कोणाला? सगळे मान हलवत.

महिनाभरात आम्ही गाव घडाघडा वाचायला लागलो. दार, खाट, घागर, काही चुकत नव्हतं. मास्तर हवेत होते.

मार्गशीर्षात साहेब बैलांच्या दमणीत बसून आले. फळ्यावर त्यांनी झोकात लिहिलं, आंबा. विचारलं, "काय लिहिलं आहे?"

बावीस गळे एकदम ओरडले, "फळा!"

"नीट पाहा."

"फळा!"

साहेबांनी पाटीवर दार लिहिलं. आम्ही म्हणालो, "पाटी!" त्यांनी स्वतःचं पुस्तक उघडून एका शब्दावर बोट ठेवलं. आता आम्ही जरा विचार केला, आपसांत कुजबुजलो, आणि एकमताने सांगितलं, "पुस्तक!"

आता तुम्हीच सांगा, आमचं काय चुकलं? ज्यावर लिहिलंय त्याचं नाव सांगायचं, एवढंच तर शिकलो होतो. साहेबाला एवढी साधी गोष्ट कळेना आणि म्हणे इन्स्पेक्टर. त्यांनी शेरा मारला की पहिलीस वाचन मुळीच येत नाही, तीन महिन्यांनी फिरून तपासणी, तेव्हाही असंच दिसलं तर मास्तरांस कमी करावे.

दमणी गेली. मास्तर पायरीवर बसून राहिले. हात गेरूने लाल, आणि डोळेही लाल. आम्ही बरोबर सांगूनही मास्तर का रडतात, हे मला कळेना.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो तर दार नेहमीच्या जागी, घागर नेहमीच्या जागी. मास्तर म्हणाले, "वाचा." पोरं ओरडली, "दार! घागर!" माझे मात्र पाय दारातच अडले. दारावरचा शब्द मी दुसरीकडे पाहिला होता. पुंजाजीच्या बैलाच्या पुठ्ठ्यावर.

"मास्तर, हे खोटं हाये."

"का गं?"

"इथं बैल लेहेलं हाये. दार नाही."

मास्तर माझ्याकडे बघतच राहिले. मग इतके हसले की तानुबाई भिंतीवरून डोकावली. "गेला कामातून," ती म्हणाली आणि आपल्या कामाला लागली.

तेव्हापासून मास्तर रोज रात्रीतून तशीच शब्दांची अदलाबदल करत आणि आम्ही सकाळी त्यांची चोरी पकडत असू. मास्तरला खोटं पाडण्यात जी मजा आहे ती दुसऱ्या कशात नाही, पोरं पहाटेच शाळेत हजर होऊ लागली. बैलातला बै कुठला, घागरीतली घा कुठली, हे फोडता फोडता लिहायलाही लागलो. मास्तरांनी एकच ताकीद दिली होती, खोटं लिहायचं ते शाळेतच, गावात नाही. शहाणा माणूस ताकीद देतो ती पोरांना कल्पना सुचावी म्हणूनच.

त्यात आबा जेवताना आईला म्हणाले, "तपासणी झाली का विमलले काढा शाळेतून. पटापुरती बसोली होती." माझं डोकं फिरलं. दुपारी आबा शेतात गेलेले पाहून मी ओट्यावर पाट ठेवून चढले, भिंतीवरचा पाटील ओल्या चिंधीने पुसला आणि त्या जागी चांगलं ठसठशीत लिहिलं, बैल.

आठ दिवस आबा त्याखाली बसले. भांडणं मिटवली, जोहार घेतले, मिशीला पीळ दिला. पहिलीचा वर्ग ओट्यापुढून तोंडात सदऱ्याच्या बाह्या नि टोप्या कोंबून जायचा. आबा म्हणायचे, "पाहा, लेकरं कशी आदबीनं जाऊन राह्यली."

नवव्या दिवशी साहेब आले ते थेट आमच्या ओट्यावर चहाला. मास्तर पाठीमागे उभे. साहेबांनी बशी तोंडाला लावली, वर पाहिलं, आणि बशी तशीच राहिली.

"हे कोणी लिहिलं, पाटील?"

"मास्तरनं," आबा छाती काढून म्हणाले. "पाहा वाचून."

मास्तरांनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. साहेबांनी दारात उभ्या असलेल्या मला हाक मारली. "ये बाळ इकडे. पहिलीत ना? वाच काय लिहिलंय ते."

मी सहा वर्षांची असले तरी खुळी नव्हते. पाटील म्हटलं तर पोरं अजून जागा पाहूनच वाचतात हे साहेबाला कळणार, मास्तर मेहकरला पुड्या बांधायला जाणार. बैल म्हटलं तर शेरा चांगला मिळेल, पण आबांचा अंगठा मिळाला असं समजायलाच नको. आबा माझ्याकडे कौतुकाने पाहत होते. मास्तर जमिनीकडे.

"बैल," मी म्हणाले. आणि रडत रडत पुढे, "मास्तरनं नाही लेहेलं. म्या लेहेलं."

साहेबांनी शाळेत जाऊन बावीस पोरांना तपासलं. फळ्यावर आंबा लिहिला, आंबाच ऐकला. शेऱ्यात लिहिलं की पहिलीचा वर्ग वाचतो, इतकेच नव्हे तर लिहितोही. दमणी गेली. मास्तर खोलीवर गेले आणि वळकटी बांधायला लागले.

आबांनी मला मारलं नाही. ओट्यावर बसवून विचारलं, "कोनाकोनाले ठाऊक होतं?"

"पहिलीतल्या सगळ्याइले."

"सगळ्याइले," आबा म्हणाले. ते भिंतीवरच्या अक्षरांकडे तोंड करून बसले. एवढेसे झालेले आबा मी कधी पाहिले नव्हते, माझ्याच जिवाला लागलं. मग उठले आणि तडक मास्तरांच्या खोलीवर गेले. मी मागोमाग.

"मास्तर, त्या कागदावर मी अंगठा लावत नाही."

"समजलो," मास्तर म्हणाले आणि वळकटीची दोरी आवळली.

"काय समजले? सोडा ते. अंगठा नाही, सही करीन. शिकवा."

झालं! सरकार राहिलं बाजूला, मास्तरांची नोकरी आता पन्नाशीच्या पाटलाच्या बोटांवर आली. नांगर धरलेली बोटं ती, तीन पेन्सिली मोडल्या आणि मास्तरांना घाम फुटला. सहा आठवडे कागद पेटीत पडून. रोज दिवेलागणीला आबा पाटी घेऊन बसत. माझं नाव पटावरून काढायचं म्हणे कोणी बोललंच नव्हतं.

चैत्रातल्या एका सकाळी आबांनी कागद मांडीवर घेतला, जीभ दातांत धरली आणि टाक फिरवला. उ मोठा, व पार कोपऱ्यात जाऊन पडलेला. मास्तर हात पुढे करून उभे होते, पण आबांनी कागद त्यांना दिला नाही. मला हाक मारली.

"विमल, वाच हे. बैल तं नाही ना?"

"नाही, आबा," मी म्हणाले. "उत्तमराव."