उभ्याने घ्यायची बैठक

सर मंगळवारी गेले. श्रीरामपूरहून त्यांच्या भावाचा फोन आला. त्या दिवशी आमची बैठक झाली नाही.

ती बैठक रोज पावणेदहाला, उभ्याने व्हायची. नगरच्या एमआयडीसीतल्या एका खोलीत आम्ही सहा जण दूध संकलन केंद्रांसाठी कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम तयार करत होतो. सर आमच्यातले थोरले, पुण्यातली नोकरी सोडून आलेले.

पहिल्या वर्षी सगळे करतात तसंच आम्हीही केलं. सुरुवातीलाच सगळं कागदावर लिहून घेतलं, सात महिने दार लावून काम केलं आणि पेढे घेऊन राहात्याजवळच्या एका गावातल्या केंद्रावर गेलो. दूध घालणाऱ्याचं नाव शोधायचा भाग माझा होता. आडनाव टाकलं की माणूस सापडायचा. शुद्धलेखन मी दोनदा तपासलं होतं. त्या गावात निम्म्या घरांचं आडनाव एकच आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. रांग रस्त्यापर्यंत गेली. केंद्राच्या सचिवांनी कॉम्प्युटरवर टॉवेल टाकला आणि वही उघडली.

"मॅडम, आमी नंबरानं वळखतो मान्सं," ते म्हणाले. "इचारायचं तरी हुतं एकडाव."

एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडले. सर रागावले नाहीत. चूक सात महिन्यांनी कळली याचं वाईट वाटतं, चौदा दिवसांत कळली असती तर तिचं काही वाटलं नसतं, एवढंच बोलले.

त्यानंतर दर दुसऱ्या गुरुवारी, जेवढं झालं असेल तेवढं घेऊन, अर्धं का असेना, आम्ही संध्याकाळच्या दुधाच्या वेळेला तिथे जायचो. सचिव चुका काढत, बदल सांगत. परतताना राहात्याच्या स्टँडवर सर पेरू घेत, तिखटमीठ लावून सगळ्यांना देत, आणि ते खाता खाता पुढचं काम ठरून जाई. या पद्धतीला अ‍ॅजाइल म्हणतात, हे मी पुढे पुस्तकांत वाचलं. सरांच्या तोंडी तो शब्द फारसा नसायचा.

बैठकीत तीनच गोष्टी सांगायच्या. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. तिसरी कुणी सांगत नसे. सगळे सरांकडे बघून "होईल सर" म्हणायचे. म्हणून सर आमच्याकडे पाठ करून उभे राहू लागले. बोलायचं ते एकमेकांशी. एकदा मी चार दिवस "चालू आहे" म्हणत राहिले. बैठक संपल्यावर ते माझ्या टेबलाशी आले.

"अडलंय म्हणत जा गं," ते म्हणाले. "चालू आहे म्हटलं की माणसं आपापल्या कामाला जातात."

मी मान हलवली. सगळ्यांपुढे मात्र ते मला कधी म्हणता आलं नाही.

सर गेल्यावर जो तो येऊन थेट आपल्या जागेवर बसू लागला. पावणेदहाला कुणी मान वर करत नसे. बैठक कुणी बोलवायची, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. एक गुरुवार चुकला. संध्याकाळी सचिवांचा मला फोन आला. सरांविषयी थोडं बोलले.

"मंग आता परत सात महिन्यानी येनार का तुमी?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला मी उठून उभी राहिले.

"माझं अडलंय," मी म्हणाले. "पाच दिवस झाले."

फॅट मोजायचं मशीन बदललं की पावती छापली जात नव्हती, तेही सांगितलं. मग पलीकडच्या टेबलावरची सहकारी उठली. तिचंही तिथेच अडलं होतं, आणि तिला तर आठवडा झाला होता. हळूहळू बाकीचे तिघेही खुर्च्या मागे सारून उभे राहिले.

आता आम्ही पाच जण आहोत. बैठक मी बोलावते. एक गुरुवार सोडून राहात्याला जातो. सर नाहीत.