काकूंची कराची

शेजारच्या काकूंना मैल कळत नसत. गाव किती लांब, हे त्या तिथे पोचेपर्यंत कुठलं खाणं टिकेल त्यावरून ठरवत. जयगड दडप्या पोह्यांवर, मुंबई भाकरी-चटणीवर आणि कराची कडबोळ्यांवर. रत्नागिरीच्या आमच्या आळीतून बोटीला निघालेला माणूस आधी काकूंच्या ओटीवर टेकायचा आणि “कुठे रे?” एवढं विचारून त्या चुलीकडे वळायच्या.

मी लग्न होऊन आले तेव्हा माहेरच्या आठवणीने सारखी रडत असे. माहेर हेदवीला. काकू म्हणाल्या, “हेदवी म्हणजे घावनांवर. लांब नाही हो दिलेली तुला. रडतेस कसली?” मला रडता रडता हसू फुटलं.

त्यांना मात्र कडबोळी तळताना हसू येत नसे. वैधव्यात वाढवलेला एकुलता एक दत्तू कराचीच्या विमानतळावर मेकॅनिकच्या हाताखाली होता. “तळणाच्या वाटेला लागलं की पोर आपलं राहत नाही गो,” असं एकदा म्हणाल्या आणि झारा आपटून पुढचा घाणा तळू लागल्या.

एका सुट्टीत दत्तूने सांगितलं, टपालाचं विमान सकाळी कराचीहून उडतं ते दुपारी मुंबईला उतरतं. काकूंनी पुन्हा पुन्हा विचारून घेतलं.

“म्हणजे सकाळची घावनं दुपारी नरमच असतील हो?”

“असतील की!” दत्तू हसत म्हणाला.

झालं! परत जाताना त्याला कडबोळी मिळालीच नाहीत, घावनांचा डबा मिळाला. बिचारा बोटीने मुंबईला जाणार, पुढे आगगाडी. वाटेतच आंबली असणार, पण आईला तो काही बोलला नाही.

मी समजवायला गेले, “काकू, ते विमान टपालाचं. माणसं नेलीच तर साहेबलोक. दत्तूला कोण बसवणार?”

“त्याचं तेलपाणी दत्तूच करतो ना? मग त्याला नाही तर कोणाला बसवतील?”



पुढच्या आषाढात काकूंना ताप भरला आणि उतरेचना. पावसाळ्यामुळे बोटी बंद. आमच्या ह्यांनी कराचीला तार केली. दुसऱ्याच दिवशी दुपारी काकूंनी विचारलं, “आला का गो?” मग रोजच विचारू लागल्या. मी पेज भरवताना “येईल हं” म्हणत राहिले. म्हणून म्हणून माझीच जीभ थकली. मला त्या विमानाचा संताप यायचा. ते नसतं तर काकूंनी इतक्या लवकर वाट बघायला घेतलीच नसती. शेवटी वाट बघून दमल्या आणि गेल्या.

दत्तू पोचला तेव्हा तेरावासुद्धा उरकला होता. आगगाडीने मुंबई, तिथून कोल्हापूर, पुढे आंबा घाटात दरड कोसळलेली, आठवडाभर वाट सुटेना, म्हणून शेवटी पायी. चिखलाने भरलेले पाय तसेच घेऊन तो पायरीवर बसला.

“वहिनी, आईने वाट पाहिली?”

“पाहिली रे.”

त्याने पायावरचा चिखल खरवडला. मग म्हणाला, “तार हातात पडली तेव्हा मी टपालाच्या विमानात पेट्रोलच भरत होतो. मागची जागा रिकामी होती.”

“साहेब नाही म्हणाला?”

“विचारलंच नाही, वहिनी. आपण त्यात बसायचं असतं, हे मला सुचलंच नाही. विमान सुटू दिलं आणि धावत स्टेशनवर गेलो.”