न कुजणारी चिंधी

संत क्रोनच्या विहिरीची राखण डेलियाकडे आईकडून आली होती. शेवाळ खरवडायचं, पानं उपसायची, आणि परक्या माणसाला दटावायचं, "ह्या पान्याचा चहा करू नगंस बाबा. चूल फुंकून मरशील, पर ते उकळायचं न्हाई."

विहिरीवर वाकलेल्या काटेझाडाला चिंध्या लटकत. दुखणेकऱ्याच्या अंगावरच्या कपड्याची पट्टी पाण्यात भिजवून बांधायची. ती कुजेल तसं दुखणं सरतं. दुसऱ्याची चिंधी मात्र सोडायची नाही. सोडील त्याला ते दुखणं चिकटतं. पोरासोरांना डेलियाच हे दरडावून सांगायची.

धाकटा भाऊ मॉसी खोकल्यानं झिजायला लागला, तेव्हा घरात ती दोघंच. त्याच्या अंगात सदानकदा बॉस्टनच्या मावशीनं धाडलेला पांढरा सदरा. त्याच्याच कडेची पट्टी फाडून तिनं काटेझाडाला बांधली.

हिवाळा सरला. बाकीच्या चिंध्या सडून गळाल्या. मॉसीची तेवढी कालच बांधल्यासारखी चकाकत होती.

शेजारीण पेग ती पाहून म्हणाली, "आगं खुळे, नायलॉन हाय ते! तू, मी, पाद्रीबाबा, समदी मातीत जाऊ, तरी हे हितंच फडफडंल."

डेलिया म्हणाली, "मग दुसरी बांधते."

"पयली असताना? एका दुखन्याला दोन चालत न्हाईत, तूच सांगतीस की. आन सोडनार कोन?"

पेग गेल्यावर डेलियानं घरून मॉसीची जुनी लोकरी बंडी आणली. नायलॉनची गाठ बोटांना दाद देईना, तशी दातांनी सोडली. ती चिंधी खिशात टाकली आणि त्या जागी लोकरीची पट्टी बांधली.

"आता बंडी बी गेली?" घरी अंथरुणातून मॉसी खोकत हसला. "मला नागडाच पुरनार व्हय?" मग हळूच म्हणाला, "ती सोडलीस न्हवं?"

"बटाटे करपतील," म्हणत ती उठली.

लोकरीची कड आत्ता कुठं उसवायला लागली होती, तोच मॉसी गेला.

कबरीपाशी पेग कुजबुजली, "ती नायलॉनची समुद्रात टाक बाई. लागंल तुला."

डेलियाची मूठ खिशात होती. "लागू दे. म्या तर त्याचं दुखनं मागूनच घेतलं व्हतं. त्यानं कशाला संगं न्यायाचं?"

सकाळी ती विहिरीवर गेली. पानं उपसली, शेवाळ खरवडलं. लोकरीच्या पट्टीकडं मात्र तिनं मान वर करून पाहिलं नाही. आता ती कुजली काय, न कुजली काय.