सुलट बाजूचे चौदा

बारीकताई अंगानं बारीक नव्हत्या, हे आधीच सांगितलेलं बरं. प्रयोगशाळेत नवीन आलेलं माणूस नाव ऐकून इकडेतिकडे शोधायचं आणि समोरच्या भरभक्कम बाईंकडे नजर गेली की ओशाळायचं. नाव पडलं ते त्यांच्या तोंडच्या पालुपदावरून. काचेवर कण दिसो, बाटलीचं झाकण तिरकं बसो, कुणाच्या शर्टाचं बटण लोंबत असो, त्या म्हणायच्या, "जरा बारीक बघा."

वीस वर्षं त्यांनी एका दुकानात खिडक्यांचे पडदे शिवले. दुकान बंद पडलं, तेव्हा पाणी शुद्ध करणाऱ्या या प्रयोगशाळेला स्थिर हाताचं माणूस हवं होतं. "आधीही पडदे, आताही पडदे," असं त्यांनी घरी सांगितलं, आणि ते फारसं खोटं नव्हतं. नवा पडदा तळहाताएवढा. काचेवर जाळीचं कापड ताणायचं, त्यावर मधासारखं घट्ट द्रावण ओतायचं, पोलादी पात्यानं एका दमात ओढून सारखं करायचं आणि काच पाण्यात बुडवायची. बघता बघता ते पांढरं होतं. मग एका बाजूवर सायीसारखा पातळ थर धरायचा. ही चकचकीत बाजू सुलटी, जाळीची मळकट बाजू उलटी.

पडद्याच्या एका अंगाला घाण पाणी, दुसऱ्या अंगाला खूप खारट पाणी. खारट पाणी पलीकडचं पाणी पडद्यातून ओढून घेतं आणि घाण होती तिथंच राहते. पंपानं रेटायचं काम नाही. जवळच्या कापड रंगवण्याच्या कारखान्याला रंगासाठी मिठाचं पाणी लागतंच. तेव्हा सांडपाण्यातलं पाणी मिठानं ओढायचं आणि तेच पुन्हा रंगाला वापरायचं, असा बेत होता. बेत झकास, पडदा मात्र मख्ख. चौरस मीटरमागे तासाला चौदा लिटर पाणी आलं, तरच कारखान्याचे मालक चाचणीला जागा देणार होते. पडदा वर्षभर नऊवर अडून बसला होता. महिनाअखेर जागा मिळाली नाही तर काम गुंडाळा, असं वरून आलं होतं. काम गुंडाळलं की बारीकताईही घरी. बावन्नाव्या वर्षी आपल्याला आणखी कोण कामावर घेणार, हा विचार त्यांना भांडी घासतानासुद्धा सोडत नव्हता.

आणि एका सोमवारी आकडा आला सतरा.

प्रयोगशाळा चालवणारे सर त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, हुशार आणि जेवायचं विसरणारे. त्यांनी आलेलं पाणी तोलायचा तराजू तीनदा तपासला आणि लगेच मालकांना फोन लावला. सगळ्यांना चहा सांगितला. गडबड ओसरल्यावर बारीकताईंनी पडदा बसवलेली डबी उघडली. पडद्याची चकचकीत बाजू मिठाच्या अंगाला होती. पडदा उलटा बसला होता.

कसा, ते त्यांना तिथंच कळलं. ओला पडदा बसवताना बाजू ओळखता यावी म्हणून तो लांबट तुकडा कापतानाच उभा धरून, चकचकीत बाजू वर ठेवून, वरचा उजवा कोपरा छाटायचा, अशी इथली रीत. शिवणारं माणूस मात्र कापड उलटं पसरून बेततं, म्हणजे खडूच्या खुणा पुढे दिसत नाहीत. शुक्रवारी घाईत त्यांचा हात जुन्या वळणावर गेला होता. पडदा उलटा पसरला, उजवा कोपरा छाटला आणि सोमवारी ती खूण बघून बसवला तो उलटाच.

उलट्या पडद्यातून स्वच्छ पाणी जरा जास्त येतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण रंगाचं पाणी जाळीच्या बाजूनं आत शिरलं की गाळ तिच्यातच बसतो आणि दिवसभरात पडदा तुंबतो. मालक बघायला येणार होते दोन तास. दोन तासांत काही तुंबत नाही. हेही बारीकताईंना ठाऊक होतं आणि त्याचीच त्यांना भीती वाटली.

संध्याकाळी जेवताना घास उतरेना. त्यांचे यजमान इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एखादा बोल्ट सैल राहिला असं वाटलं, की मी सात मजले परत चढतो."

"लिफ्टमध्ये माणसं असतात. माझ्या पडद्यात कुणी बसत नाही."

"मग घास का उतरत नाही?"

बारीकताईंना त्यांचा रागच आला. बरोबर बोलणाऱ्या नवऱ्याचा येतो तसा.

सकाळी त्यांनी सरांना सांगून टाकलं. सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं.

"मी मालकांना सतरा सांगून बसलोय," ते म्हणाले.

"माहीत आहे. म्हणून तर सांगतेय."

"रजिस्टरमध्ये लिहा."

त्यांनी सतरावर एकच रेघ मारली आणि शेजारी लिहिलं : पडदा उलटा बसला होता. चूक माझी. खाली सही केली. सही वाकडी आली.

सर दार लावून बसले. दोन तासांनी बाहेर आले ते हातात आकडेमोडीचा कागद घेऊन.

"ताई, उलटा लावला तर दोन-तीननं वाढायला हवं. हे आठनं कसं वाढलं?"

"मी काय सांगू?"

"उलट्यात मीठ थेट सायीला भिडतं. सुलट्यात त्याला जाळीच्या जाडीतून यावं लागतं आणि येणारं पाणी त्याला वाटेतच पातळ करतं. म्हणजे साय चांगली आहे. आपण वर्षभर तिलाच दोष देतोय. खोट जाळीत आहे."

"मग विरळ जाळी घ्या."

"ती टिकत नाही. पात्याखाली सुरकुतते, फाटते."

आता मात्र बारीकताई खुर्ची ओढून बसल्या. जाळीचे पडदे त्यांनी मैलोगणती शिवले होते. "कोरी ताणली तर फाटणारच. आधी उकळत्या पाण्यातून काढा, आटायची ती आटून जाईल. मग भरतकामाच्या रिंगमध्ये चहूकडून सारखी ताणा. एकीकडून ओढलीत की गेली."

दुसऱ्या दिवशी त्या घरातली रिंग घेऊनच आल्या. अकरा पडदे वाया गेले. बारावा सुलटा बसवला. यावेळी बाजू तिघांनी बघितली, तरी बारीकताईंनी चौथ्यांदा बघितली. स्वच्छ पाण्यावर आकडा आला साडेचौदा.

सरांनी मालकांना पुन्हा फोन करून खरं काय ते सांगितलं. मालक एवढंच म्हणाले, की आता स्वच्छ पाणी नको, आमचंच सांडपाणी लावा, तीन दिवस चालवा, मग येतो.

निळं-काळं पाणी डबीत फिरू लागलं. पहिल्या दिवशी चौदा पूर्णांक दोन. दुसऱ्या दिवशी चौदा. तिसऱ्या दिवशी तेरा पूर्णांक आठ. सर पेन हातात घेऊन रजिस्टरपाशी घुटमळले. "चौदाच म्हणायचे हे," असं काहीतरी पुटपुटले. बारीकताईंनी रजिस्टर आपल्याकडे ओढून घेतलं आणि तेरा पूर्णांक आठ लिहिलं. लिहिताना वाटलं, आपणच आपल्या नोकरीवर पाणी सोडतोय.

मालक आले. साठीचे, रंगानं कायमची निळसर झालेली नखं. डबीकडे त्यांनी फारसं बघितलंच नाही. रजिस्टर मागितलं आणि मागून पुढे चाळत गेले. रेघ मारलेल्या सतरावर थांबले. शेजारची ओळ वाचली, वाकडी सही बघितली.

"ही सही कुणाची?"

"माझी," बारीकताई म्हणाल्या.

"माझ्याकडे यंत्रं विकायला रोज कुणी ना कुणी येतं. सगळ्यांचे आकडे वरच चढतात. सतरावरून तेरावर उतरलेले तुम्ही पहिलेच." त्यांनी रजिस्टर मिटलं. "तीन दिवस तुंबला नाही ना? बास. दोन दशांशाचं पुढे बघू. जागा कुठं हवीय?"

बारीकताईंचे डोळे भरून आले होते, पण हा प्रश्न त्यांच्या कामाचा होता. त्यांनी पदरानं चष्मा पुसला.

"खिडकीजवळ द्या," त्या म्हणाल्या. "आम्हाला जरा बारीक बघावं लागतं."