तिसरा भाग

रोह्याहून पेणला येताना माझ्या शेजारी धाटावच्या कंपनीचा गणवेश घातलेला पन्नाशीचा माणूस होता. पेणच्या दीड किलोमीटर अलीकडे बस अडकली, तसा तो चुळबुळू लागला.

"घाई आहे का?" मी विचारलं.

"सुपरहिरोचा पिक्चर हाय. लहानपणी त्याच्या कॉमिकचे दोन भाग वाचले. तो मरतो का वाचतो, ते तिसऱ्यात. तिसरा रोह्याच्या स्टॉलवर आलाच नाय."

तेवढ्यात मागच्या सीटवरचे दोघे त्याच सिनेमाचा शेवट बोलू लागले.

"गप बसा रे! चाळीस वर्षं थांबलोय मी!"

"काका, ऐका तर..."

तो कानांत बोटं घालून उतरलाच.

शेवट मला कळला. खिडकीतून पाहिलं, तर तो गाड्यांमधून भराभर चालला होता. बोटं अजून कानांतच होती.